साडेतीनशे ग्रॅमची बॅग घेऊन तुळजापूरला चालत

काल सोलापूर ते तुळजापूर चालत झालं, साधारण ४५ किलोमीटर, आज पोटऱ्या भरून आल्यात आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. पण लिहायचंय ते नव्या बॅगबद्दल, डोक्यात ताजं आहे तोवर.

बॅग २० लिटरची, रिकामी साडेतीनशे ग्रॅम, पातळ नायलॉनची, पाठीला फ्रेम नाही, कंबरेला पट्टा नाही. कोजागिरीला आपल्याकडून हजारो लोक चालत जातात, ऊन नको म्हणून बरेच जण रात्रीच चालतात. मी आणि मावसभाऊ मुद्दाम पहाटे निघालो, सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळाला बाहेरूनच नमस्कार करून, कारण ऑक्टोबरच्या उन्हात ही बॅग कशी बसते तेच बघायचं होतं. मावशीने आदल्या रात्री हातात धरून बघितली, "अरे ही घाटापर्यंत तरी टिकंल का रे?" मावशी स्वतः दरवर्षी खांद्याला कापडी पिशवी अडकवून जाते, त्यामुळे तिचं बोलणं मी मनावर घेतलं.

आत काय होतं, तर तीन लिटर पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणी, ओआरएसच्या पुड्या, जास्तीचे सॉक्स, पॉवरबँक, बसायला फोमची घडी आणि एक टॉवेल. म्हणजे पाणीच तीन किलो! बॅग दोनशे ग्रॅमने हलकी की जड यावर लोक एवढा वाद घालतात, पण आपल्या भागात उन्हात चालायचं तर पाठीवरचं खरं वजन पाण्याचंच, ते कमी करून चालणार नाही. त्यामुळे माझ्या मते बॅग हलकी किती यापेक्षा ती पाणी कशी वागवते, हे बघायला पाहिजे.

हिप्परग्याच्या तलावापाशी उजाडलं. हा तलाव १८७१ सालचा, अजून भक्कम उभा आहे. तिथपर्यंत पाठीवर बॅग आहे हे कळतसुद्धा नव्हतं. तामलवाडीच्या पुढे ऊन चढलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. चौपदरी रस्त्याला सावली फार कमी, खालून डांबर तापलेलं, त्यात फ्रेम नसल्यामुळे बॅग पाठीला चिकटून बसलेली, शर्ट नुसता चिंब. बाटलीचं बूड मणक्याला टोचायला लागलं तेव्हा फोमची बसायची घडी पाठीच्या बाजूला आत सरकवली आणि भाकरीचा डबा बाहेरच्या बाजूला घेतला, मग टोचणं थांबलं. बिनफ्रेमच्या बॅगेत काय कुठे ठेवतो यावरच सगळं आहे, मऊ ते पाठीकडे, जड ते मधे आणि पाठीलगत.

सगळ्यात आवडले ते बाजूचे ताणले जाणारे खिसे. बाटली चालता चालता हाताला येते, बॅग उतरवावी लागत नाही, आणि उतरवावी लागत नाही म्हणून माणूस पाणी पितो. भावाची बॅग कॉलेजची, बाटली आत चेनमध्ये, तो दर वेळी "पुढच्या झाडाखाली पिऊ बे" म्हणत राहिला आणि दुपारी त्याचं डोकं धरलं. एका मंडपात बसवून त्याला ओआरएस पाजलं, तिथल्या काकांनी केळी पण दिली. अर्ध्या तासाने तरतरीत झाला.

बाहेरच्या खिशातलं पाणी मात्र चहासारखं तापतं. त्यावर टॉवेल भिजवून बाटलीभोवती गुंडाळला, आपल्या कोरड्या हवेत तो भराभर सुकतो आणि पाणी गार होतं, जुन्या छागळीसारखं, म्हणजे पाण्याच्या कापडी पिशवीसारखं. सुती टेरीच पाहिजे, पातळ सिंथेटिक टॉवेल एवढं पाणी धरत नाही.

दोन गोष्टी खटकल्या. पट्ट्यांच्या कडा बारीक आहेत, घामात मीठ साचून गळपट्टीच्या हाडाजवळ कातडी सोलवटली. आणि पाणी संपत आलं की बॅग ढिली पडून घाटाच्या चढावर डुलत होती, तिला आवळायला बाजूला पट्टाच नाही. छातीचा पट्टा थोडा वर घेऊन निभावलं, पण चढावर ते डुलणं फार दमवतं.

कापड मात्र कुठेच उसवलं नाही, मावशीला आज उलटीसुलटी करून दाखवली. आता पट्ट्यांना आतून टेरीचं कापड आणि बाजूला एक आवळायचा पट्टा बॅगवाल्याकडून शिवून घेणार, वजन थोडं वाढेल, वाढू दे.