पितृपक्षातलं नांदूर मध्यमेश्वर

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला सगळे पक्षी बघायला जातात ते डिसेंबर-जानेवारीत, थंडी पडल्यावर. मी मुद्दाम पितृपक्षात गेलो. चांदोरीवरून सायखेड्याकडे वळलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. गोडी छाटणीची तयारी सुरू होती, रस्त्यावर ट्रॅक्टर जास्त आणि पर्यटकांच्या गाड्या जवळजवळ नाहीतच. चापडगावच्या मनोऱ्याजवळ भेटलेल्या गाइडमामांनी आधीच सांगून टाकलं, "आता काय दिसणार साहेब? डिसेंबरात यायचं ना."

मामा बोलत होते तेव्हा त्यांच्या मागे दोन हातांवर करडा धोबी शेपटी हलवत ओल्या मातीतले किडे टिपत होता. पोटाखाली लिंबासारखा पिवळा, पाठ राखाडी. हिमालयात वीण आटोपून आलेला हा चिमूटभर पक्षी वर्षानुवर्षं हिवाळ्यासाठी त्याच जागी परततो. हंगामाची खरी वर्दी हाच देतो; पट्टकादंब, म्हणजे थंडीतले ते पाहुणे हंस, नंतर येऊन मिरवतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा. साचलेल्या गाळानं इथे बेटं आणि उथळ पाणी तयार झालं, त्यावर पाणवनस्पती माजल्या आणि पाखरं आली. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव याचंच लागलं. पाणी अजून भरलेलं असल्यामुळे मधल्या भागात फारसं काही नव्हतं. खरी गंमत काठाला, चिखलात.

तिथे तुतारींची, म्हणजे चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांची, गर्दी होती. ठिपकेवाली तुतारी भुवई पांढरी मिरवत चालत होती. हिरवी तुतारी जरा लाजाळू. ती उडाली की काळपट पंखांमागचा पांढराशुभ्र पार्श्वभाग चमकतो, आणि तेवढ्यावरच तिची ओळख पटते. या मंडळींत बऱ्याचदा प्रौढ पक्षी आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्लं मागून, आईबापांशिवाय. ज्यांनी रस्ता कधी पाहिलेला नाही, ती बरोबर येऊन पोहोचतात. हे वाचून माहीत असलं तरी समोरच्या चिखलात तसा एखादा पक्षी चोच खुपसताना पाहिला की मी दुर्बीण खाली ठेवून थोडा वेळ नुसताच बघत बसतो.

बदकं ओळखताना मात्र घाम फुटतो. भुवई बदकांचा एक थवा शेवाळात बसला होता, पण नरांच्या त्या ठळक पांढऱ्या भुवया गायब. विणीनंतर पिसं गळून ते मादीसारखे मातकट दिसतात, आणि नवीन शहाणे त्यांना पाहून "सगळ्या माद्याच!" म्हणतात. उडू दिलं की नराच्या पंखावरचा फिकट निळसर पट्टा दिसतो. आम्हाला त्यांना उडवायची गरज पडली नाही. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसांवरून अगदी कमी उंचीवर घिरट्या घालत आला आणि अख्खा थवा उठला.

मामांचं मत त्यामुळे काही बदललं नाही. "हे तर रोजचंच," म्हणाले, आणि मग डिसेंबरातल्या गर्दीत मनोऱ्यावर उभं राहायला जागा मिळत नाही, याचीच तक्रार करत राहिले. पट्टकादंबांचे थवेच्या थवे बघायचे असतील तर त्यांचं ऐका. एरवी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जा. पायात गमबूट घाला, सकाळी नऊच्या आत पोहोचा. पाण्याकडे नंतर बघा, आधी काठ चाळा.