डबा घेऊन बांगडे आणायला

आज पहिल्यांदाच स्टीलचा डबा घेऊन बांगडे आणायला गेले. कोळीणमावशी आधी डब्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, पिशवीत देते की! डबा घासत कुठे बसतेस?" तरी घातले डब्यात, वर दोन कोलंब्या कौतुकाच्या. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. मावशींच्या पाटीमागे मात्र काळ्या पिशव्यांचा गठ्ठा सुखाने नांदतोय.

भाजीला आजीच्या जुन्या लुगड्याची पिशवी नेली होती. कोथिंबीर, मिरच्या, बटाटे सगळं एकत्र कोंबलं. घरी येऊन बघते तर टोमॅटोचा पार चेंदामेंदा! आणि दही? ते प्लास्टिकच्याच पिशवीतून आलं. डबा एकच होता ना!

उद्या दोन नेते. आजच्या डब्याचा वास काही जात नाहीये, चिंच लावून ठेवलाय.