ड्रेबिनचा दुसरा भाग आणि आमच्या खळ्यातील प्रेक्षक

‘द नेकेड गन २½: द स्मेल ऑफ फिअर’ हा १९९१ सालचा चित्रपट पहिल्या भागाच्या मानाने उणा आहे, त्यात तेच विनोद पुन्हा दळले आहेत, हे मत मी अनेकांकडून ऐकत आलो आहे. मला ते मान्य नाही. गेल्या हिवाळ्यात मालवणजवळच्या आमच्या वाडीत खळ्यात पांढरा पडदा बांधून आम्ही हा चित्रपट पाहिला आणि त्यानंतर चहा पिताना लोकांनी जी मते मांडली, ती ऐकून तर माझी खात्रीच झाली की या चित्रपटात जे शिळे झाले आहे ते पुनरावृत्तीमुळे झालेले नाही.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. डेव्हिड झुकर, जिम अब्राहम्स आणि जेरी झुकर या तिघांनी १९८२ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी ‘पोलीस स्क्वॉड!’ ही मालिका केली. तिचे अवघे सहा भाग निघाले, कारण वाहिनीच्या प्रमुखांच्या मते ती समजण्यासाठी प्रेक्षकाला ती लक्ष देऊन पाहावी लागत होती. त्याच मालिकेतील लेफ्टनंट फ्रँक ड्रेबिन हे पात्र १९८८ मध्ये ‘द नेकेड गन’ या नावाने मोठ्या पडद्यावर आले, १९९१ मध्ये दुसरा भाग आला आणि १९९४ मध्ये तिसरा. पहिले दोन भाग डेव्हिड झुकर यांनी दिग्दर्शित केले, तिसरा पीटर सीगल यांनी. तिकीटबारीचे म्हणाल तर दुसऱ्या भागाने अमेरिकेत सुमारे ८.७ कोटी डॉलर मिळवले, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्तच. घसरगुंडी झाली ती तिसऱ्या भागात. २०२५ मध्ये लिअम नीसन यांना घेऊन नवा चित्रपट आला, त्यामुळे घरातल्या मुलांनी जुन्याची चौकशी केली आणि म्हणून हा बेत ठरला.

पहिला भाग बहुतेकांनी आधी पाहिलेला होता. तरीही ड्रेबिनच्या गाडीच्या टपावरील फिरता दिवा नको नको त्या ठिकाणी घुसू लागला, तेव्हा मुलांनी अशी आरोळी ठोकली की जणू हा प्रकार ती पहिल्यांदाच पाहत होती. याचे उत्तर आमच्या वाडीतील, दशावतारात बरीच वर्षे काम केलेल्या एका काकांनी दिले. दशावतारातला संकासुर दरवर्षी तोच असतो, तो वेद चोरणार आणि भटजीशी हुज्जत घालणार हे जत्रेला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरीही लोक मध्यरात्री चटई पसरून त्याची वाट बघत बसतात. संहिता लिहिलेली नसते, त्यामुळे तोच संकासुर प्रत्येक रात्री निराळा बोलतो. काकांच्या मते ड्रेबिनचेही तसेच आहे. तो काय करणार हे माहीत असते, कसे करणार हे माहीत नसते. “आणि काका, तो नट कसा वाटला?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तो एकदा पण हसलो नाय, म्हणान आमका हसाक येता.”

हे मत मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ड्रेबिन साकारणाऱ्या लेस्ली नीलसन यांच्या कामाचे मर्म त्यात आले आहे. १९२६ मध्ये कॅनडातील रेजायना येथे जन्मलेल्या या नटाचे वडील तेथील घोडदळ पोलिसांत होते, आणि स्वतः नीलसन यांनी १९८० सालच्या, याच तिघांच्या ‘एअरप्लेन!’ या विनोदपटापर्यंत गंभीर भूमिकांवरच पोट भरले होते. विनोदी नटाला घेऊन त्याला पोलिसाचा वेश चढवावा, असे झुकर मंडळींनी केले नाही. भारदस्त आवाजाच्या, पांढऱ्या केसांच्या, खरोखर अधिकारी वाटणाऱ्या माणसाला त्यांनी निवडले आणि त्याच्याभोवती सगळे कोसळू दिले. दुसऱ्या भागात हा चेहरा आणखी मुरलेला आहे. व्हाइट हाउसमधील मेजवानीच्या प्रसंगात तो शेवंडाशी, म्हणजे लॉब्स्टरशी, ज्या एकाग्रतेने झटापट करतो, ती एकाग्रता चेहऱ्यावर नसती तर तो प्रसंग नुसता दंगा ठरला असता. आमच्याकडे मासळीचा व्यवसाय करणाऱ्या मामी त्या वेळी हसता हसता मध्येच थांबून तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, “आमच्या शेवंडाक असले नांगे खय आसतत?” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे शेवंड नांग्यांचे असते, आपले बिननांग्यांचे.

त्याच प्रसंगात ड्रेबिनचा सत्कार होतो तो हजारावा अमली पदार्थ विक्रेता ठार केल्याबद्दल, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की शेवटचे काही जण त्याच्या गाडीखाली आले, सुदैवाने ते विक्रेतेच निघाले. येथे खळ्यात हशा पिकला, पण शेजारचे काका, जे हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत, ते हसले नाहीत. बाकी चित्रपटाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. “ही पोलिसांची थट्टा नाय, पिक्चरातल्या पोलिसाची थट्टा आसा,” असे तेच इतरांना समजावत होते, आणि ते खरेही आहे, कारण मूळ मालिकेचे लक्ष्य पन्नाशीच्या दशकातील ‘एम स्क्वॉड’सारख्या करारी पोलीस मालिका हेच होते. मात्र मेलेल्या माणसांची ओळख नंतर पटली, हा विनोद त्यांना सोसला नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. विडंबन पोलीसपटाचे असले तरी त्या वाक्यात खऱ्या पोलिसी कारभारातील एक खरी भीती आहे, आणि ती ज्याने जवळून पाहिली आहे त्याला हसू न येण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आता शिळे काय झाले ते सांगतो. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश आणि त्यांच्या पत्नी यांची जी टिंगल चित्रपटभर चालते, ती आमच्या प्रेक्षकांपर्यंत फक्त एवढीच पोहोचली की एका वृद्ध बाईंना सारखे दार लागते. उदास लोकांच्या मद्यालयातील भिंतीवर मोठ्या अपघातांच्या तसबिरी लावलेल्या आहेत. त्यातील टायटॅनिक शाळकरी मुलांनी क्षणात ओळखली, पण त्याच रांगेत मायकेल डुकाकिस यांचा फोटो का आहे हे मला सांगावे लागले. ते १९८८ च्या निवडणुकीत बुश यांच्याकडून हरले होते. सांगून झाल्यावर कोणी हसत नाही. ‘घोस्ट’मधील कुंभाराच्या चाकाचे विडंबनही तसेच अर्धे पोहोचले. मूळ चित्रपट १९९० चा आणि जेरी झुकर यांनीच दिग्दर्शित केलेला, म्हणजे भावाने भावाची केलेली थट्टा. ती माहिती चाळिशीपुढच्यांना आवडली, मुले मात्र फक्त उडणाऱ्या मातीला हसली. वर्तमानपत्रावर बेतलेला विनोद वर्तमानपत्राइतकाच टिकतो आणि या चित्रपटाची खरी उणीव तीच आहे.

असे असूनही ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती ती गोष्ट कथानकाने साधली. डॉ. माइनहाइमर हे शास्त्रज्ञ देशाच्या ऊर्जा धोरणावर अहवाल देणार असतात, त्यात सौर ऊर्जेचा पुरस्कार असणार या धास्तीने तेल, कोळसा आणि अणुऊर्जा या तिन्ही उद्योगांचे म्होरके त्यांना पळवतात आणि त्यांच्या जागी तोतया उभा करतात. रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी खरा आणि तोतया अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. समीक्षक या कथानकाला विनोद टांगण्याची खुंटी समजतात. आमच्या वहिनींचे माहेर राजापूर तालुक्यात आहे. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या अणुप्रकल्पाची चर्चा, नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीचे आणि पुढे २०१९ मध्ये रद्द झालेले भूसंपादन, आणि त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी झालेले आंदोलन, हे सगळे त्यांच्या नात्यागोत्यात घडलेले आहे. तोतया शास्त्रज्ञ भाषणाला येतो त्या प्रसंगात त्या सर्वांत मोठ्याने हसल्या, आणि नंतर म्हणाल्या की अहवाल नक्की कोणी लिहिला हा प्रश्न त्यांच्या गावात आजही विचारला जातो. प्रकल्पाच्या बाजूने असलेला त्यांचा भाऊही तिथेच होता. त्याला हे कथानक एकांगी वाटले आणि रोजगाराचे काय, असे त्याने विचारले. दोघांचे म्हणणे चहा संपला तरी चालूच होते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या धांगडधिंग्याच्या चित्रपटावरून असा वाद होऊ शकतो, ही त्या चित्रपटाच्या बाजूने मोठीच साक्ष आहे.

एका गोष्टीवर मात्र काहींचे तोंड उतरले. ड्रेबिनचा सहकारी पोलीस नॉर्डबर्ग याची भूमिका करणारे ओ. जे. सिम्पसन यांच्यावर १९९४ मध्ये दुहेरी हत्येचा आरोप झाला आणि १९९५ मध्ये ते निर्दोष सुटले, हे ज्यांना माहीत होते त्यांना त्यांची फजिती मोकळेपणी पाहता आली नाही.

ज्यांना हा भाग दाखवायचा असेल त्यांना माझा सल्ला असा की शब्दांचे खेळ भाषांतर करून सांगत बसू नका, त्यात पुढचे दोन विनोद निसटतात. पडदा मोठा ठेवा, कारण निम्मी गंमत पात्रांच्या मागे, भिंतीवर आणि खिडकीबाहेर चालते. पहिला भाग आधी दाखवलाच पाहिजे असे नाही. तिसऱ्याबद्दल आमच्यात एकमत झालेले नाही; मुलांना तो हवा आहे, दशावतारी काकांना दुसराच पुन्हा पाहायचा आहे, आणि मी काकांच्या बाजूने आहे.