एकीने ‘स्टॉप’ म्हटलं म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘पायलट तयार होता, तर मागच्या एका मुलीच्या सांगण्यावरून हेलिकॉप्टर परत का फिरलं?’ हे मला बरेचदा आणि बहुधा आवाज चढवून विचारलं जातं.

होइस्टने, म्हणजे दारावरच्या केबलच्या यंत्राने, माणूस उचलताना तो हेलिकॉप्टरच्या पोटाखाली असतो, पायलटला दिसत नाही. उजव्या दारातून वाकून बघणारी होइस्ट ऑपरेटर, म्हणजे मी, त्याला जागेवर आणते: ‘फॉरवर्ड फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन, स्टेडी.’ मध्येच माझा आवाज तुटला, तर पायलट पुढे सरकत नाही. इंटरकॉम गेलेला असू शकतो.

त्या संध्याकाळी घळीत पाणी चढत होतं. खडकावर एक माणूस होता. त्याला आणायला खाली उतरणारा विंचमन केबलवर लटकलेला, मी ‘टू’पर्यंत आले होते. तेवढ्यात डाव्या दारातली आमची सगळ्यांत नवी सहकारी म्हणाली, ‘स्टॉप. टेल नॉट क्लिअर.’ वारा शेपूट कड्याकडे ढकलत होता. पायलट थांबला, वर आला. दुसऱ्या खेपेलाही तिने ‘स्टॉप’ म्हटलं. मग अंधार पडला. खालचा माणूस हात हलवत होता. तो फक्त विंचमनला आणि मला दिसत होता. सकाळी खडकावर कुणी नव्हतं.

पायलटने तिला कारण विचारलं नाही. विचारायचं नसतंच, उतरेपर्यंत. 1977 साली टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर धावपट्टीवर दोन विमानं धडकून 583 माणसं गेली. पुढचं विमान बाजूला झालंय ना, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. तेव्हा आमच्या नियमाला भित्रेपणा म्हणू नका.

पण त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही, हेही खरं. तेव्हाची मी आजच्या माझ्याशी अजून भांडते: आणखी दोन मीटर, बस्स. मी तिला म्हणते, शेपटीची डावी बाजू तू पाहिलीच नव्हतीस. ती म्हणते, त्या मुलीने तरी खालचा हात कुठे पाहिला होता? यावर मला उत्तर सुचत नाही.

आम्ही अजून एकत्र उडतो. ती आजही तितक्याच पटकन ‘स्टॉप’ म्हणते. मी मोजणं थांबवते, केबल वर घेते. उतरल्यावर मात्र तिला दर वेळी विचारते, नेमकं किती अंतर होतं.