तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच घरी परत कशाला?

"फ्रिज, टीव्ही, गाडी मोजली की उत्पन्न कळतंच. मग दर फेरीला त्याच घरांत कशाला जाता?" मी घराघरांत जाऊन कमाईची पाहणी करते, आणि प्रत्येक फेरीला त्याच घरांत जाते. म्हणून लग्नात, लोकलमध्ये, परिसंवादात, सगळीकडे हेच.

कारण फ्रिज आजची कमाई सांगत नाही. तो जुन्या बोनसचा असतो, माहेरून आलेला असतो, हप्त्यावरचा असतो. एकदाच पाहणी केली की दादरचं घर मानखुर्दच्या घराशी ताडता येतं. पण कमाई घटल्यावर तेच घर काय करतं, ते परत गेल्याशिवाय दिसत नाही.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं एक घर. दुसऱ्या फेरीला काकांचा कारखाना बंद झालेला. मी विचारलं, "काकू, फ्रिज आहे?" "आहे की." त्यांनी दार उघडलं. आत दिवा नव्हता. तांदूळ, डाळ, पापडाचे डबे. "लाइटबिल परवडत नाही गं. पण उंदरांपासून वाचतं." फॉर्मवर दोनच पर्याय, होय आणि नाही. मी 'होय' लिहिलं. तिसऱ्या फेरीला फ्रिजच्या जागी पाण्याचे हंडे. चौथ्या वेळी कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावी गेले, चिपळूणला."

विश्लेषणात मी हे घर वगळलं. चारही फेऱ्यांत सापडलेली घरंच ठेवली आणि लिहिलं, एकदा आलेली वस्तू घरातून सहसा जात नाही. तेव्हाची मी म्हणेन, असं सगळेच करतात. करतात, खरं आहे. पण जाणारी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली होती!

'इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हे' या देशभरातल्या घरांच्या पाहणीनं 2004-05 मधली सुमारे 83 टक्के घरं 2011-12 मध्ये पुन्हा गाठली. हे मोठंच काम. तरी शहरांत गळती, म्हणजे पुन्हा न सापडलेली घरं, जास्त होती, आणि मुंबईत भाडेकरार अकरा महिन्यांचे, म्हणजे माणसं घर बदलत राहतात.

पॅनेल, म्हणजे त्याच घरांची पुन्हा पुन्हा पाहणी, सगळं सांगतं, असा माझा दावा नाही. लोक कमाई अंदाजानं सांगतात, आणि दोन फेऱ्यांतला फरक काढला की त्या अंदाजातली चूक आणखी ठळक होते. गळालेल्या घरांसाठी, तशाच दिसणाऱ्या उरलेल्या घरांना हिशेबात जास्त वजन देतात, म्हणजे ती एकापेक्षा जास्त घरं धरतात. मीही आता देते. पण विक्रोळीत टिकलेलं घर काकूंच्या घरासारखं कसं मानू?

माझ्या फाइलीत फ्रिजच्या रकान्यात त्यांचं 1, 1, 0 आहे. चौथी जागा रिकामी. तिथे काय धरायचं, ते अजून ठरवता आलेलं नाही.