आवेश, पीठ आणि तट: इंग्रजी शब्दांचे हिंदी प्रतिशब्द शोधताना

काही वर्षांपूर्वी विज्ञानविषयक एका मराठी मजकुराची तपासणी माझ्याकडे आली होती. त्यात 'इलेक्ट्रॉनवर ऋण आवेश असतो' असे एक वाक्य होते आणि ते वाचताना कर्जात बुडालेला, त्यामुळे भडकलेला एक इलेक्ट्रॉन क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. अनुवादकाने मूळ इंग्रजीशेजारी हिंदी भाषांतर ठेवून काम केले होते, हे उघड होते. इंग्रजी 'चार्ज'साठी हिंदी भौतिकशास्त्रात 'आवेश' हाच रूढ शब्द आहे आणि हिंदीत तो बिनचूक आहे. मराठीत मात्र आवेश वक्त्याला चढतो. विजेच्या संदर्भात आपण 'प्रभार' म्हणतो. हिंदीत 'प्रभार' म्हणजे अधिकाऱ्याने स्वीकारलेली जबाबदारी, आणि त्या अर्थाने 'प्रभारी' आपल्याकडेही आहेच. दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत कोठारातून शब्द उचलले आणि ते वेगवेगळ्या कामाला जुंपले.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. एका स्तंभात अनेकार्थी इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचे हिंदी प्रतिशब्द आणि तिसऱ्यात त्या हिंदी शब्दाचा मराठी वाचकाला होणारा भास, अशी तिची रचना आहे. पहिले दोन स्तंभ कोणत्याही चांगल्या कोशात सापडतात. तिसरा स्तंभ मला कोठेही तयार मिळालेला नाही आणि चुका बहुतेक तेथेच होतात.

'चार्ज'चेच पाहू. पोलिसांनी ठेवला तर तो हिंदीत 'आरोप' होतो, सेवेसाठी आकारला तर 'शुल्क', बदलून आलेल्या अधिकाऱ्याने घेतला तर 'कार्यभार', सैन्याने शत्रूवर केला तर 'धावा' आणि बॅटरीच्या बाबतीत तो 'चार्ज'च राहतो. वरवर पाहता या अर्थांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील गाडीवर माल लादण्याच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आहे, आणि 'कार्गो' व 'कॅरी' हे त्याचेच नातलग आहेत, हे कळले की कोडे उलगडू लागते. गाडीवर माल लादला, अधिकाऱ्यावर काम लादले, माणसावर गुन्हा लादला. हिंदीतील 'कार्यभार' आणि 'प्रभार' यांत तो भार उघड दिसतो. 'आरोप'मध्ये तो दिसत नाही, पण तेथेही तो आहे: आ-पूर्वक रुह् धातूच्या प्रयोजक रूपाचा अर्थ चढवणे, वर ठेवणे असा होतो. एकमेकींना न विचारता लॅटिन आणि संस्कृत यांनी दोषारोपासाठी ओझ्याचीच कल्पना वापरावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

अर्थात व्युत्पत्ती कितीही रंजक असली, तरी अनुवादाच्या टेबलावर ती फारशी कामाला येत नाही. तेथे उपयोगी पडतो तो शेजार. 'चार्ज'च्या पुढे 'शीट' आले की 'आरोप-पत्र', मागे 'फ्री ऑफ' आले की 'निःशुल्क', पुढे 'पार्टिकल' आले की 'आवेशित कण'. सभोवतालचे वातावरणच 'चार्ज्ड' असेल, तर हिंदीत 'तनावपूर्ण' म्हणावे लागते आणि कोशातील पहिल्या पाचही अर्थांना हात जोडावे लागतात.

'बँक' हा शब्द अनेकार्थी शब्दांच्या प्रत्येक पाठात येतो: एक पैशांची, दुसरी नदीची. हिंदीत पहिलीला 'बैंक' आणि दुसरीला 'किनारा' किंवा 'तट' म्हणतात. हे दोन शब्द योगायोगाने सारखे झाले, असे पुष्कळदा शिकवले जाते. ते पूर्णतः खरे नाही. पैशांची बँक इटालियन भाषेतील सावकाराच्या बाकावरून आली, नदीची बँक स्कँडिनेव्हियन भाषांकडून आली, आणि मागे मागे जात राहिले तर दोन्हींचे मूळ एकाच जर्मॅनिक शब्दात सापडते. त्याच मुळाची तिसरी फांदी म्हणजे 'बेंच'. न्यायाधीशांच्या बेंचला हिंदीत 'पीठ' म्हणतात आणि येथे मराठी वाचकाच्या वाटेत खरा खड्डा येतो.

हिंदीत 'पीठ' हे दोन शब्द आहेत. एक संस्कृत 'पीठ', म्हणजे आसन. दुसरा 'पृष्ठ'पासून आलेला, म्हणजे शरीराची मागची बाजू. मराठीत आसनाचे पीठ 'विद्यापीठ', 'खंडपीठ' अशा समासांत सुखाने नांदते, पण एकटे पीठ म्हटले की ते दळलेलेच, कारण ते 'पिष्ट'पासून आले आहे. 'पृष्ठ'पासून आपण 'पाठ' केली, आणि तीच 'पाठ' धडा या अर्थाच्या संस्कृत 'पाठ'शी येऊन मिळाली. त्यामुळे इंग्रजी 'बॅक' हिंदीत 'पीठ' होते, मराठीत 'पाठ' होते, आणि हिंदी 'पाठ' इंग्रजीत परत न्यायचे झाले तर 'लेसन' होते. 'पाँच न्यायाधीशों की पीठ' हे हिंदी वृत्त घाईत मराठीत आणणाऱ्याने 'पाच न्यायाधीशांच्या पीठाने' असे लिहिले, तर ते व्याकरणाने चुकीचे ठरत नाही, पण वाचकाच्या मनात गिरणी सुरू होते. तेथे 'घटनापीठ' किंवा 'खंडपीठ' असा पूर्ण समासच हवा, आणि त्या दोहोंपैकी कोणता, हे न्यायाधीशांची संख्या व प्रकरणाचे स्वरूप पाहून ठरवावे लागते.

'इंटरेस्ट' हा माझ्या वहीतील सर्वांत जाड झालेला शब्द आहे. रक्कम असेल तेथे 'ब्याज', मन असेल तेथे 'रुचि' किंवा 'दिलचस्पी', लाभ असेल तेथे 'हित', आणि तो लाभ खुपत असेल तेथे 'स्वार्थ'. 'पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन' ही हिंदीत आणि मराठीतही 'जनहित याचिका' आहे, तर 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'साठी हिंदीत 'हितों का टकराव' हा प्रयोग चालतो. तेथे 'रुचि' वापरली, तर वाक्याला चित्रकला आवडावी की संगीत असा अर्थ येईल. हिंदी 'ब्याज' आणि मराठी 'व्याज' यांच्यामागे असलेल्या संस्कृत 'व्याज' शब्दाचा अर्थ मात्र निमित्त किंवा कपट असा आहे आणि 'व्याजस्तुती', 'व्याजोक्ती' या अलंकारांच्या नावांत तो टिकून आहे. कर्जदारांना हे सांगण्याची गरज नसावी.

याच कुटुंबातील 'डिसइंटरेस्टेड' अनेकांना फसवतो. त्याचा अर्थ रस नसलेला असा घेऊन हिंदीत 'उदासीन' लिहिले जाते. मध्यस्थ किंवा परीक्षक यांच्याविषयी तो आला, तर ज्याचा स्वतःचा लाभ गुंतलेला नाही असा माणूस अभिप्रेत असतो, आणि त्यासाठी हिंदीत व मराठीत 'तटस्थ' हा नेमका शब्द आहे: जो तटावर उभा आहे, प्रवाहात नाही. नदीची बँक अशी वळसा घेऊन पुन्हा भेटते.

काही शब्दांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. 'बॅट' म्हणजे 'बल्ला' की 'चमगादड़', हे दहा वर्षांचे मूलही संदर्भावरून ओळखते. 'लाइट'चे 'प्रकाश' आणि 'हल्का' हे अर्थही सोपे वाटतात. जुन्या इंग्रजीत ते दोन निराळे शब्द होते आणि उच्चाराने एकत्र आले. पण 'लाइट ब्लू' येथे मात्र मी थांबतो. इंग्रजीत रंगाचा हा 'लाइट' उजेडाच्या बाजूचा आहे, त्याचा विरुद्धार्थी शब्द 'डार्क' आहे. हिंदीने त्याला 'हल्का नीला' म्हणून वजनाच्या बाजूला नेले आणि समोर 'गहरा' म्हणजे खोली ठेवली. मराठीने 'फिकट' आणि 'गडद' म्हणून उजेड, वजन आणि खोली या तिन्हींना बगल दिली.

सर्वांत धोक्याचे शब्द ते, ज्यांचे दोन अर्थ परस्परविरोधी असतात. 'सँक्शन' कार्यालयीन टिपणीत 'मंजूरी' किंवा 'संस्वीकृति' असते आणि परराष्ट्रव्यवहारात 'प्रतिबंध'. अनेकवचन आले आणि त्याचा रोख एखाद्या देशाकडे असला, तर जवळपास नेहमीच प्रतिबंध समजावा. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. एखाद्या समितीची 'ओव्हरसाइट' भाषांतरित करताना हिंदीत 'निगरानी' लिहायचे की 'चूक', हे समितीवरील आपल्या मतावरून ठरवू नये. क्रियापद म्हणून 'टेबल' तर देशानुसार बदलते. ब्रिटिश प्रथेत ठराव टेबल करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे, आणि हिंदीतील 'सभा पटल पर रखना' हा प्रयोग त्याच प्रथेला अनुसरून आहे. अमेरिकेत त्याच शब्दाने ठराव बाजूला सारला जातो. लेखक कोणत्या देशाचा आहे हे पाहिल्याशिवाय मी या शब्दाला हात लावत नाही.

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढील संशोधित नोंदींत 'रन' या क्रियापदाने तिला मागे टाकले आणि त्याचे अर्थ ६४५ पर्यंत गेले. आकडा ऐकून छाती दडपते, पण हिंदीचे 'चलना'ही काही कमी नाही. घड़ी चलती है, दुकान चलती है, सिक्का चलता है, गोली चलती है, मुकदमा चलता है. त्यामुळे 'रन'च्या पुष्कळ अर्थांना 'चलना' आणि 'चलाना' सहज सांभाळून घेतात, संगणकाचा प्रोग्रॅमसुद्धा. अडते ते थोड्याच ठिकाणी: नाक 'बहती है', कपड्याचा रंग 'छूटता है', आणि निवडणुकीत तर मोठीच मजा होते. अमेरिकी उमेदवार धावतो, ब्रिटिश उमेदवार उभा राहतो, हिंदीतील उमेदवार 'खड़ा' होऊन 'लड़ता' है, आणि मराठीतील उमेदवारही उभा राहून निवडणूक लढवतो. धावण्याची कल्पना आपल्याकडे कोणालाच सुचलेली दिसत नाही.

हिंदी प्रतिशब्द इतके काटेकोर वेगळे का, याचे एक कारण सरकारी आहे. राज्यघटनेच्या ३५१ व्या अनुच्छेदाने हिंदीच्या शब्दसंग्रहासाठी प्रामुख्याने संस्कृतकडे व त्यानंतर इतर भाषांकडे वळण्यास सांगितले, आणि १९६१ मध्ये वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग स्थापन होऊन शाखावार परिभाषा घडवण्याचे काम सुरू झाले. परिभाषेत एका संकल्पनेला एकच शब्द हवा असतो. म्हणून इंग्रजी 'पॉवर' भौतिकशास्त्रात 'शक्ति' झाली, तर गणितात 'घात'. बोलीत असा काटेकोरपणा टिकत नाही आणि टिकावा अशी अपेक्षाही नाही. मी स्वतः नेहमी वापरतो तो फादर कामिल बुल्के यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी-हिंदी कोश. बेल्जियममधून आलेल्या एका मिशनऱ्याने हिंदीसाठी इतके नेटके काम करून ठेवावे, ही गोष्ट तो कोश उघडताना दर वेळी मनात येते. आयोगाच्या संज्ञा आणि बुल्के यांचे शब्द जुळले नाहीत, तर शास्त्रीय मजकुरात मी आयोगाचे ऐकतो आणि ललित मजकुरात बुल्के यांचे.

संगणकाच्या हिंदीने मात्र एक सुंदर निवड केली आहे. 'सेव्ह'साठी 'बचाना' हा तयार शब्द होता: प्राण वाचवणे, पैसे वाचवणे, दोन्हींना तो चालतो. फाइलसाठी तो न घेता 'सहेजना' घेतला गेला, म्हणजे नीट सांभाळून ठेवणे. मराठीत तेथे 'जतन करा' आले. इंग्रजीच्या एका शब्दात कोंबलेला अर्थ दोन्ही भाषांनी जाणीवपूर्वक वेगळा काढला.

सध्या वहीत 'राइट'चे पान उघडे आहे. हिंदीत त्याचे सरळ तीन भाग होतात: 'अधिकार', 'सही' आणि 'दायाँ'. यांतील 'दायाँ' ज्या 'दक्षिण'वरून आला, त्याचा संस्कृतात उजवा, दक्षिण दिशेचा आणि कुशल असा तिहेरी अर्थ आहे. फारसीत 'रास्त' म्हणजे उजवे आणि खरेही. मराठीने त्यातील खरेपणा तेवढा घेतला आणि इंग्रजी 'फेअर प्राइस'साठी 'रास्त भाव' हा शब्दप्रयोग रूढ केला. इंग्रजी 'राइट' आणि फारसी 'रास्त' हे एकाच प्राचीन मुळाचे आहेत. आपल्या 'उजवा'चा संबंध 'ऋजु', म्हणजे सरळ, या शब्दाशी जोडतात आणि तो 'ऋजु'ही त्याच मुळाकडे जातो. हिंदीच्या स्तंभात मी तीन शब्द लिहिले आहेत; तिसऱ्या स्तंभात 'सही'पुढे 'स्वाक्षरी' एवढेच लिहून ठेवले आहे, कारण 'सही उत्तर' वाचून मराठी वाचक उत्तराखाली कोणाची सही आहे ते शोधू लागेल.