हिंगाची डबी आणि अस्वलाची पेटी

रात्रीचे सव्वादहा. चौघेही स्लीपिंग बॅगांत शिरलो होतो, चेन गळ्यापर्यंत ओढून झाली होती, आणि अंधारातून मोठी कुजबुजली, "आई, हिंग!"

कुजबुजली, कारण दहानंतर कॅम्पग्राउंडवर आवाज करायचा नाही असा नियम. आणि हिंग, कारण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ज्याला ज्याला वास आहे ते ते सगळं रात्री पेटीत बंद करावं लागतं. इथे काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझलीही. आमच्या जागेवर एक जाड लोखंडी पेटी होती. तिची कडी एका खोबणीच्या आत. बोटं वाकडी करून आत घालायची आणि वर दाबायची, तेव्हा दार उघडतं. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत मावत नाही. धान्य, कूलर, स्टोव्ह इथपर्यंत सगळ्यांनाच कळतं. पण टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, धाकट्याच्या चड्डीच्या खिशातली आवळा सुपारी, धुतलेला रिकामा कुकर, हे सगळंही त्यात. मोठी दहा वर्षांची. संध्याकाळी रेंजरने सांगितलेली यादी तिने तोंडपाठ केली होती आणि पेटीचं खातं स्वतःकडे घेतलं होतं. हिंग मात्र मी तीन पिशव्यांत गुंडाळून माझ्या कपड्यांच्या बॅगेत ठेवला होता, गाडीला वास लागू नये म्हणून. म्हणजे नेमका उशाशी.

जुलै महिना, पण बाहेर पाच अंश. डोक्याला टॉर्च बांधून, नवऱ्याच्या चपला घालून मी हिंग पोचवून आले.

मी मूळची कोल्हापूरची, अकरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहते. आम्ही तंबू घेऊन फिरायला लागलो तेव्हापासून सासूबाईंचा एकच प्रश्न असतो. स्वतःचं घर आहे, हॉटेलला पैसे आहेत, मग लेकरांना घेऊन उघड्यावर का झोपायचं? "विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात ते हेच," असं त्या वर म्हणतात. प्रश्न चुकीचा नाही. बिऱ्हाडच असतं ते. रोज मांडायचं, रोज आवरायचं.

सॅन होजेहून यलोस्टोनचं पश्चिम दार साधारण १,५५० किलोमीटर. मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं जास्तच. इथले बरेच देशी लोक ते दोन दिवसांत कापतात, नऊ दिवसांत पाच-सहा पार्क उरकतात आणि फोटोंत सगळे थकलेले दिसतात. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. या वेळी एकच मोठं पार्क, जाताना दोन मुक्काम, असं ठरवलं. तरी दुसऱ्या दिवशी माती खाल्लीच, ते सांगते.

पहिला दिवस सोपा. सिएरा नेवाडाचा घाट चढताना धाकट्याला मळमळतं, म्हणून आवळा सुपारी. रिनो सोडलं की इंटरस्टेट ८० नेवाडाच्या वाळवंटात शिरतो आणि मग तासन्‌तास तेच: करडी झुडपं, लांबवर उघडे डोंगर, मध्ये सरळसोट रस्ता. मुक्काम लव्हलॉकच्या पुढे राय पॅच नावाच्या धरणाकाठी. हम्बोल्ट नदीवरचं हे धरण. ही नदी समुद्राला मिळतच नाही, पुढे वाळवंटातल्या खोलगट भागात पसरून आटून जाते. हे ऐकून मोठीला नदीची दया आली. धाकट्याने विचारलं, "मग मासे कुठे जातात?" त्याला उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं.

१८४०-५० च्या दशकांत कॅलिफोर्नियाकडे निघालेली कुटुंबं याच नदीच्या काठाने बैलगाड्या हाकत आली, आमच्या उलट दिशेने. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. आम्हाला तेवढ्याला पंधरा मिनिटंही लागत नव्हती. एल्कोजवळ या वाटेवरचं एक मोफत संग्रहालय आहे. तिथे अर्धा तास थांबायचं ठरवलं आणि दीड तास गेला, कारण मुलं बाहेर निघेनात. निघेनात म्हटल्यावर मीही ओढलं नाही. आमच्या सामानाचं मोजमाप तिथेच झालं म्हणायचं: त्या लोकांचं सगळं घर एका गाडीत, आमच्या व्हॅनमध्ये चार दिवसांचा फराळ आणि तरी जागा नाही.

दुसऱ्या दिवसाचा बेत कागदावर ६९० किलोमीटरचा होता. नेवाडात ताशी १२८ किलोमीटरची मर्यादा असलेले पट्टे आहेत, तेव्हा सात तासांत होईल असा नवऱ्याचा हिशेब. हिशेबात तंबू आवरायचे दोन तास नव्हते (वारा सुटला होता, घडी घालायला गेलं की तंबू पतंग व्हायचा). संग्रहालय नव्हतं. आयडाहोत ट्विन फॉल्सचा पेरीन पूल नव्हता. हा पूल स्नेक नदीच्या दरीवर जवळजवळ १४८ मीटर उंच, आणि तिथून लोक पॅराशूट बांधून खाली उडी मारतात. वर्षभर कधीही, परवानगीबिरवानगी लागत नाही. एकाने मारली की पोरं म्हणणार, अजून एक बघू. अजून एकाने मारली की नवरा म्हणणार, अजून एक बघू. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे हिशेबात तो एक तास नव्हता, जो नेवाडातून आयडाहोत शिरताना घड्याळ पुढे गेल्यामुळे आमच्याकडून काढून घेतला गेला.

दुसऱ्या मुक्कामाला, क्रेटर्स ऑफ द मून या थिजलेल्या लाव्हाच्या मैदानातल्या कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिथे आगाऊ नोंदणी नसते, जो आधी येईल त्याची जागा. सगळ्या खांबांवर चिठ्ठ्या लागलेल्या. दोन चकरा मारल्या. एका जागेवर माणूस नव्हता, पण खुर्ची होती, म्हणजे जागा त्याची. एसटीत रुमाल टाकतात तसंच. मागच्या सीटवर धाकटा झोपलेला, मोठी गप्प. तिचं ते गप्प बसणं मला रडण्यापेक्षा जास्त लागतं.

शेवटी तीस किलोमीटरवरच्या आर्को गावात एका मोटेलमध्ये शिरलो. गाव एवढंसं, पण १९५५ च्या जुलैत ते जगात पहिल्यांदा नुसत्या अणुशक्तीच्या विजेवर उजळलं होतं, साधारण तासभर. रात्री दहाला त्या विजेचं मला काही वाटलं नाही, गरम पाण्याचं वाटलं. मेतकूट-भात मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये झाला. मुलं पलंगावर उड्या मारून झोपली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: मुलं बरोबर असतील तर दिवसाला चारशे किलोमीटर, आणि जिथे नोंदणी नाही तिथे दुपारी दोनच्या आत.

सकाळी परत मागे आलो, आणि बरं झालं आलो. कोल्हापूरच्या माणसाला क्रेटर्स ऑफ द मून ओळखीचं वाटतं. मैलोगणती काळा कातळ, लाव्हा थिजून झालेला. हा बेसॉल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचाच दगड, जोतिबाचं देऊळ ज्याचं बांधलंय तो. फक्त आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर इथला सगळ्यात नवा लाव्हा जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे अजून झाडाझुडपांनी झाकलेला नाही, मातीही धरलेली नाही. दोरखंडासारखे पीळ पडलेत, काही ठिकाणी बुडबुडे फुटलेले जसेच्या तसे. पुरणाचा कडेला आलेला चट्टा कसा दिसतो, तसं. मी मुलांना म्हटलं, पन्हाळ्याचा डोंगर लहान असताना असा दिसत असेल. धाकट्याने पन्हाळ्याला एकदाच पाहिलंय. तो म्हणाला, "म्हणजे हे पन्हाळ्याचं बाळ." १९६९ मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर दगड ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. लाव्हाच्या बोगद्यांत उतरायचं तर आधी परवाना घ्यावा लागतो. रेंजर विचारतो की हेच बूट घालून दुसऱ्या कुठल्या गुहेत गेला होतात का. वटवाघळांचा बुरशीजन्य आजार बुटांवरून पसरू शकतो म्हणून. धाकट्याने बूट उचलून तळवे दाखवले.

यलोस्टोनमध्ये आम्ही चार रात्री एकाच जागी राहिलो, मॅडिसन कॅम्पग्राउंडवर. उंची दोन हजार मीटरच्या वर. आता स्वयंपाकाचं. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे खळखळ उकळी दिसते आणि डाळ आपली तशीच. मागे एकदा सिएरात एका तळ्याकाठी साध्या पातेल्यात तूरडाळ शिजवायला ठेवली होती. दीड तासाने गॅसची टाकी संपली, डाळ नाही शिजली. तेव्हापासून तीन लिटरचा कुकर बरोबर असतोच. पहिली शिट्टी झाली तशी शेजारच्या जागेवरचे आजोबा हातात कुऱ्हाड घेऊन वाकून बघायला लागले. दुसऱ्या शिट्टीला आजी आल्या. तिसऱ्या शिट्टीनंतर मी त्यांना वरण-भात दिला, वर तूप-लिंबू. आजींनी वाटीभर पुन्हा मागितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरपण दिलं. सरपण घरून आणायचं नसतं, लाकडातून झाडांची कीड पसरते म्हणून तिथलंच घ्यायचं.

भांडी मोठी घासायची, धाकटा पुसायचा. भांड्यांचं खरकटं पाणी जमिनीवर ओतायचं नाही, ठरलेल्या मोरीतच टाकायचं, पुन्हा तेच, वास आणि अस्वल. घरी डिशवॉशर आहे. मुलांना ताट सिंकमध्ये ठेव म्हणून तीनदा सांगावं लागतं. इथे ती दोघं वाद न घालता भांड्यांचा टब दोन कड्यांना धरून मोरीकडे जायची. का, ते मी विचारलं नाही. विचारलं की बंद होतं.

मॅडिसनला आंघोळीची सोय नाही. हे मी सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता पसरली. "म्हणजे चार दिवस पारोसे?" मी म्हटलं, नाही, तिसऱ्या दिवशी कॅन्यन व्हिलेजला पैसे भरून शॉवर घेतला. "आणि स्वयंपाक पारोशानेच?" मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज खरंच जात होती, एवढं तरी.

दाजीपूरच्या अभयारण्यात मी आयुष्यात चार वेळा गवे बघायला गेले आहे आणि एकदाच, लांबून, झाडीत, एक काळा डाग दिसला होता. इथे तिसऱ्या दिवशी पहाटे धाकट्याला शू लागली. तंबूची चेन उघडली तर धुकं, आणि आमच्या व संडासाच्या मध्ये रस्त्यावर अमेरिकन गवा, बायसन. नर. त्याचा श्वास दिसत होता, आणि गवत तोडल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. हा प्राणी नऊशे किलोपर्यंत भरतो आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या वर पळतो. यलोस्टोनमध्ये माणसांना सगळ्यात जास्त इजा अस्वलांनी नव्हे, यांनी केली आहे, बहुतेकदा माणसंच जवळ गेली म्हणून. नियम असा की किमान २३ मीटर लांब राहायचं. आमच्यात आणि त्याच्यात असतील तीस.

"आई, लवकर."

"थांब जरा, तो जाईल."

तो गेला नाही. त्याने रस्त्यातच पाय फाकवले आणि धार सोडली, सावकाश, वाफाळती. धाकट्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो करतो, मग मी का नाही?" शेवटी ज्यूसच्या रिकाम्या बाटलीने वेळ निभावली. शेजारचे आजोबा कॉफीचा मग घेऊन हा सगळा प्रकार बघत बसले होते. आमच्याकडे बघून त्यांनी नुसती टोपी उचलली.

ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याचं काय, असं सगळे विचारतात. ते साधारण दीड तासाने उसळतं, आम्ही पाहिलं, छान आहे. ग्रँड प्रिझमॅटिकचं निळं-केशरी कुंड वरच्या पायवाटेवरून बघा, खालून नुसती वाफ दिसते. चौथ्या दुपारी गारा पडल्या, तंबूची एक काठी वाकली. मुलांनी रेंजरच्या पुस्तिकेतली कोडी सोडवून ज्युनियर रेंजरचा बिल्ला मिळवला. शपथ घेताना धाकट्याने उजव्याऐवजी दोन्ही हात वर केले.

परतताना सॉल्ट लेक सिटीवरून आलो आणि बॉनव्हिलच्या मिठागरात अर्धा तास थांबलो. पांढरं, सपाट, नजर ठरत नाही. दोघांनी बोट लावून चाखलं. मोठी म्हणाली, कैरी हवी होती.

मला मैत्रिणी विचारतात म्हणून दोन गोष्टी लिहून ठेवते. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत प्रवेश पास मिळतो, ऑगस्टअखेरपर्यंत चालतो आणि गाडीतल्या सगळ्यांना लागू होतो. कॅम्पिंगचे पैसे वेगळे. मोठीची चौथी नुकतीच संपली होती, म्हणून आम्ही याच उन्हाळ्यावर अडून बसलो. आणि यलोस्टोनच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात, तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर हेही उरकून टाका.

आमचं पुढचं बुकिंग झालंय. पुढच्या जुलैत सासूबाई येणार आहेत, वय अडुसष्ट. तंबूत झोपायला तयार आहेत, अट एकच घातली आहे. म्हणून या वेळी मॅडिसन नाही, ग्रँट व्हिलेज. तिथे जवळच गरम पाण्याचा शॉवर आहे. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, आणि मग विचारलं, हिंग तिथून आणू की तुमच्याकडे आहे.